डेंग्यूचा हट्ट आणि युरिनमधले ई. कोलाय

वाचक विद्यार्थिनीचं पत्र, थोडक्यात: भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून ती नागपुरात आली आहे आणि एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या सत्रात शिकते आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी धानाची शेती. रोगजंतू पेशीत शिरतो कसा, त्याचं कोणतं प्रोटीन काय करतं, हा तिचा आवडता विषय. पण नेमक्या त्याच पेपरात दुसऱ्या सत्रात ती जेमतेम पास झाली. ‘नावं पाठ होत नाहीत, इंग्रजी कच्चं आहे,’ असं ती लिहिते. आता प्रोजेक्ट ठरवायचा आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गातून मिळालेल्या ई. कोलाय या जंतूमधली औषधरोधकता (औषधांना दाद न देणं) हा विषय गाइड मॅडमनी सुचवला. तिला तो ‘बी.एस्सी.चाच, डिस्क ठेवून झोन मोजायचा’ वाटतो (डिस्क म्हणजे प्रतिजैविकाची चकती, झोन म्हणजे तिच्याभोवती जंतू न वाढलेला घेर). तिला डेंग्यू नाहीतर टीबी हवा आहे. पुण्यातली एक खासगी संस्था तीन महिन्यांत ‘डेंग्यूवर डॉकिंग आणि क्लोनिंग’ करून देते (डॉकिंग म्हणजे संगणकावर रेणू प्रोटीनमध्ये बसवून पाहणं, क्लोनिंग म्हणजे एखादं जनुक वाहक डीएनएत घालून त्याच्या प्रती वाढवणं), फी ४५ हजार. आई गोफ गहाण ठेवायला तयार आहे. बाबा म्हणतात, त्यापेक्षा डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) कर, गावाजवळ लॅबमध्ये नोकरी तरी लागेल. ‘नागपुरात राहून खरं मॉलिक्युलर काम होतच नाही का?’ असा तिचा शेवटचा प्रश्न आहे.

आधी पैशांचं बोलू. या कोर्ससाठी आईचा गोफ गहाण ठेवू नकोस.

पैसे घेऊन प्रोजेक्ट करून देणाऱ्या सगळ्याच संस्था फसव्या असतात असं नाही. कॉलेजात पीसीआर मशीनला (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करणाऱ्या यंत्राला) हात लावायला मिळत नसेल, तर दोन-तीन आठवड्यांचं हातावरचं प्रशिक्षण विकत घेण्यात काही गैर नाही. पण तीन महिन्यांत डॉकिंगही आणि क्लोनिंगही, तेही डेंग्यूवर, असं कुणी सांगितलं की चार प्रश्न विचारायचे. क्लोन कोणतं जनुक करणार, कोणत्या व्हेक्टरमध्ये (वाहक डीएनएत), आणि ते झालं हे कशावरून ठरवणार: नुसत्या पांढऱ्या वसाहती बघून, की रेस्ट्रिक्शन डायजेस्ट (एन्झाइमनं डीएनए ठरावीक जागी तोडणं) आणि सिक्वेन्सिंगनं (डीएनएचा क्रम वाचून)? माझ्या स्वतःच्या हातानं किती पीसीआर होतील आणि एका मशीनवर किती जण असतील? सिक्वेन्सिंग झालं तर क्रोमॅटोग्रामची (क्रमवाचनाच्या आलेखाची) मूळ फाइल मला मिळेल का? आणि हाच विषय याच बॅचमध्ये आणखी किती जणांना दिलाय? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. दहा जणांच्या प्रबंधात तीच प्रस्तावना आणि तेच जेलचे फोटो (डीएनएचे पट्टे दाखवणारे) असतील, तर साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते पकडलं जातं, आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपुढच्या साम्याला दंड आहे. संस्था पुण्यात राहते, नाव तुझं जातं.

डॉकिंगबद्दल थोडं स्पष्टच लिहितो. डेंग्यूच्या प्रोटिएजची (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमची) रचना डाउनलोड करायची, तुळस-कडुलिंब-हळदीतले वीस-तीस रेणू त्यात बसवून पाहायचे, कुणाला उणे साडेआठ किलोकॅलरी आलं की ‘डेंग्यूवर संभाव्य औषध’ असा निष्कर्ष लिहायचा. असे प्रोजेक्ट आता ढिगानं होतात. तो आकडा सॉफ्टवेअरनं दिलेला गुण आहे, प्रयोगात मोजलेलं बंधन नाही. रेणू मोठा असला की गुण आपसूक चांगला येतो, हे माहीत नसलेला विद्यार्थी सगळ्यात मोठ्या रेणूला विजेता ठरवून मोकळा होतो. निदान दोन गोष्टी केल्याशिवाय अशा कामाला अर्थ नाही. एक, रचनेत मुळात असलेला लिगंड (प्रोटीनला धरून बसलेला रेणू) बाहेर काढून पुन्हा बसवायचा आणि तो मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत येतो का ते पाहायचं. दोन, जे रेणू काम करत नाहीत हे ठाऊक आहे तेही त्याच पद्धतीनं बसवून पाहायचे. त्यांनाही तितकेच गुण मिळाले तर तुझी पद्धत चांगलं-वाईट ओळखतच नाही. हे दोन्ही फुकटच्या सॉफ्टवेअरवर, तुझ्या रूमवरच्या लॅपटॉपवर होतं. त्याला ४५ हजार लागत नाहीत.

आता तुझ्या पत्रातल्या मूळ गृहीतकाकडे येऊ. रोग जितका भयंकर तितका प्रोजेक्ट मोठा, असं तू धरून चालली आहेस. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला साधारण २० तास घेतो. एलजे या टीबीच्या कल्चर माध्यमावर वसाहत दिसायला तीन ते आठ आठवडे. चार महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये एक कल्चर दूषित झालं की सत्र संपलं. शिवाय वाढवलेल्या टीबी जंतूवर काम करायला बीएसएल-३ पातळीची, म्हणजे कडक जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते, आणि एम.एस्सी.च्या मुलांना तिथे सहसा प्रवेश नसतो. नसावाच. डेंग्यूच्या विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागतात, म्हणजे डासाच्या नाहीतर माकडाच्या पेशींचं कल्चर, कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर आणि रोज त्या पेशींकडे बघणारा माणूस. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्याखालच्या बीएसएल-२ पातळीत हाताळता येतो, सकाळी चूक झाली तर संध्याकाळी पुन्हा सुरुवात करता येते. शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

यावर तू म्हणशील, पण औषधरोधकता म्हणजे काही रोग कसा होतो याचा अभ्यास नव्हे. बरोबर आहे, आणि नेमकी हीच गोष्ट गाइड मॅडमशी बोलण्यासारखी आहे. विषय बदलायला नको, त्याच आयसोलेट्सना (रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळ्या केलेल्या जंतूंना) दुसरा प्रश्न जोडायचा.

मूत्रमार्गात संसर्ग करणाऱ्या ई. कोलायला सगळ्यात आधी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून राहावं लागतं, नाहीतर लघवीबरोबर तो वाहून जातो. चिकटण्याचं काम टाइप-१ फिम्ब्रिया, म्हणजे जंतूच्या अंगावरचे बारीक तंतू करतात. त्यांच्या टोकाला फिम-एच हे प्रोटीन असतं आणि ते पेशीवरच्या युरोप्लाकिन या प्रोटीनला जोडलेल्या मॅनोज साखरेला धरतं. तू फिम-एच जनुकाचा पीसीआर केलास तर जवळजवळ प्रत्येक ई. कोलायमध्ये पट्टा दिसेल, आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्येसुद्धा. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात, ‘९५ टक्के आयसोलेट्समध्ये विषाक्तता जनुक आढळले’ असं लिहितात आणि प्रबंध बांधायला टाकतात. पण जनुक असणं आणि फिम्ब्रिया असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या जनुकांच्या आधी ३१४ बेसचा एक तुकडा असतो, फिम-एस नावाचा, आणि तो डीएनएमध्ये जागच्या जागी उलटतो. एका दिशेला असला की प्रमोटरचं (जनुकं चालू करणाऱ्या भागाचं) तोंड जनुकांकडे, फिम्ब्रिया चालू. उलटला की बंद. फिम-बी आणि फिम-ई ही दोन एन्झाइम्स तो उलटवतात, त्यात फिम-ई मुख्यतः चालूचं बंद करतं. म्हणजे एकाच वसाहतीतल्या काही पेशींवर फिम्ब्रिया असतील, काहींवर नसतील.

हे तपासायला काय लागतं? बेकरीचं यीस्ट आणि डी-मॅनोज. यीस्टच्या भिंतीवर मॅनोज असतं, त्यामुळे फिम्ब्रिया असलेला ई. कोलाय यीस्टच्या गुठळ्या करतो. जंतू एलबी ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) न हलवता ३७ अंशांवर ४८ तास वाढवायचे. मध्ये एकदा ताज्या ब्रॉथमध्ये १:१००० पुनर्वाढ केलीस तर आणखी चांगलं. सेंट्रिफ्यूज करून गाळ थोड्या पीबीएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात) दाट करायचा. काचेच्या स्लाइडवर एक थेंब जंतू, एक थेंब १ टक्का यीस्ट, आणि दोन मिनिटं हळूहळू हलवायचं. शेजारी दुसरा थेंब, पण त्यातल्या यीस्टमध्ये ३ टक्के डी-मॅनोज (ही मोकळी साखर फिम-एचला अडवून ठेवते). पहिल्यात गुठळ्या आणि दुसऱ्यात नाहीत, तर त्या टाइप-१ फिम्ब्रियाच. दोन्हीत गुठळ्या असतील तर चिकटवणारं काहीतरी वेगळं आहे. तिसरा थेंब नुसत्या जंतूंचा ठेवायलाच हवा, कारण काही आयसोलेट्स यीस्टशिवायही आपापसात गोळा होतात आणि तू त्यांना पॉझिटिव्ह म्हणून बसशील. चूक सहसा वाढवण्यात होते. आगारवरून (जंतू वाढवायच्या घट्ट जेलीवरून) उचललेले किंवा शेकरवर वाढवलेले जंतू घेतलेस तर बहुतेकांचे फिम्ब्रिया बंद असतील आणि ‘फिम-एच आहे, चाचणी निगेटिव्ह’ असं दिसेल. तेच आयसोलेट दोन्ही पद्धतींनी वाढवून शेजारी शेजारी तपासलेस, तर हाच दोष तुझ्या प्रबंधातला सगळ्यात वाचनीय तक्ता होईल. वेळ उरला तर उलटणारा तुकडा पीसीआरनं वाढवून हिन्फ-वन एन्झाइमनं तोडायचा. चालू आणि बंद अवस्थेत तुकड्यांची लांबी वेगळी येते, ती जेलवर दिसते.

अणूरेणूंच्या पातळीवरचा अभ्यास म्हणतात तो हाच: कोणता रेणू, काय करतो, आणि तोच करतो हे कशावरून? स्टॅनली फाल्को या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये कॉखच्या निकषांची (अमुक जंतूच अमुक रोग करतो हे ठरवायच्या कसोट्यांची) जनुकांसाठीची आवृत्ती मांडली. गुणधर्म रोगकारक जातींमध्ये असावा. त्याचं जनुक बंद पाडलं की रोग करण्याची ताकद मोजता येईल इतकी घटावी. जनुक परत दिलं की ती परत यावी. तुझ्या प्रोजेक्टमध्ये यातला दुसरा-तिसरा टप्पा होणार नाही, शिकणाऱ्याला जनुक बंद पाडायला चार महिने सहसा पुरत नाहीत. म्हणून निष्कर्षात ‘संबंध आढळला’ इतकंच लिही, ‘यामुळे संसर्ग होतो’ असं लिहू नकोस. परीक्षकाला हा फरक कळतो, आणि ज्याला तो कळत नाही त्याच्याकडून गुण मिळाले काय, न मिळाले काय.

औषधरोधकतेचा भाग ठेवच, कारण त्याचे आकडे रुग्णालयालाही उपयोगी पडतात. पण १०० आयसोलेट्सचा मोह नको. तीस-चाळीस पुरेत, मात्र प्रत्येकावर सगळ्या चाचण्या पूर्ण व्हाव्यात. ते रुग्णालयातून आणताना पेट्री डिश पिशवीत घालून ऑटोनं निघू नकोस. मेयो असो की मेडिकल (नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं), स्क्रू-कॅप नळीतला आगार स्टॅब (आगारमध्ये टोचलेला जंतू), त्याभोवती शोषक कागद, मग घट्ट झाकणाचा डबा आणि त्याबाहेर लेबल लावलेली पेटी. हातात येताच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दोन-दोन प्रती करून गोठव, एक प्रत मॅडमच्या फ्रीझरमध्ये ठेव. ओळख पुन्हा पटवून घे: मॅकॉन्कीवर गुलाबी, ईएमबीवर हिरवट धातूची चमक, इंडोल आणि मिथाइल रेड पॉझिटिव्ह, व्हीपी आणि सिट्रेट निगेटिव्ह. रुग्णालयाच्या रजिस्टरमधला ‘ई. कोलाय’ कधीकधी क्लेब्सिएला हा दुसराच जंतू निघतो.

डिस्कची पद्धत तुला येते, पण चुका तिथेच लपतात. म्युलर-हिंटन आगारची जाडी ४ मिलिमीटर हवी. पातळ प्लेटवर झोन मोठे येतात आणि रोधक जंतू संवेदनशील वाटतो. जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफर्लंड इतकं गढूळ, ते बनवल्यावर १५ मिनिटांत प्लेटवर. ईएसबीएल म्हणजे सेफोटॅक्सिमसारखी प्रतिजैविकं तोडणारी जंतूंची एन्झाइम्स. त्यांच्यासाठी सेफोटॅक्सिम ३० मायक्रोग्रॅमची डिस्क आणि तीच क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल (क्लॅव्ह्युलॅनेट, ते या एन्झाइम्सना अडवतं) १० मायक्रोग्रॅमसह. सेफ्टाझिडिमची तशीच जोडी. कुठल्याही एका जोडीत क्लॅव्ह्युलॅनेटमुळे झोन ५ मिलिमीटर किंवा जास्त वाढला तर ईएसबीएल. नागपुरात इथे एक हमखास घोटाळा होतो. क्लॅव्ह्युलॅनेट उष्णतेनं आणि ओलाव्यानं खराब होतं. मार्चनंतर लाइट गेली, फ्रिज तासन्‌तास बंद राहिला, किंवा डिस्कची डबी गार असतानाच उघडून तिच्यात दव जमलं, की फरक ५ वरून ३ वर येतो आणि तुझे सगळे आयसोलेट्स अचानक ‘निगेटिव्ह’ होतात. म्हणून प्रत्येक बॅचला दोन कंट्रोल (निकाल आधीच ठाऊक असलेले जंतू): एटीसीसी २५९२२ ई. कोलाय, ज्यात फरक यायला नको, आणि एटीसीसी ७००६०३ क्लेब्सिएला, ज्यात यायलाच हवा. डबी फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. शक्य तर हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत आटपून घे.

पीसीआरसाठी महागडं किट लागत नाही. एक वसाहत १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात, ९५ ते १०० अंशांवर दहा मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी हाच तुझा डीएनए. तो उणे २० वर ठेव, साध्या फ्रिजमध्ये आठवडाभर राहिला तर तुटतो. २५ मायक्रोलिटरच्या रिॲक्शनमध्ये दुप्पट तीव्रतेचं मास्टरमिक्स (एन्झाइमसह तयार मिश्रण) १२.५, दोन्ही प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारे छोटे डीएनए, १० मायक्रोमोलर) एकेक, डीएनए २, उरलेलं ८.५ पाणी. ९५ अंशांवर तीन मिनिटं. मग ३० वेळा ९५, प्रायमरप्रमाणे ५५ ते ६०, आणि ७२ अंश. शेवटी ७२ वर पाच मिनिटं. जेल १.५ टक्का ॲगरोजचं, शेजारी लांबी ओळखायला १०० बेसची लॅडर. पट्टा आला नाही म्हणजे जनुक नाही, असं धरायचं नाही. आधी त्याच डीएनएवर ई. कोलायच्या यूआयडी-ए जनुकाचा पीसीआर कर. तोही आला नाही तर दोष डीएनएत आहे. उकळून काढलेल्या डीएनएत पेशींचा कचरा जास्त असतो आणि तो एन्झाइमला अडवतो, म्हणून दहापट पातळ करून पुन्हा लाव. अनेकदा एवढ्यानंच काम होतं. आणि डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीत पट्टा आला, तर त्या दिवशीचा सगळा निकाल टाकून द्यायचा. पाणी, मास्टरमिक्स, प्रायमर, सगळं नव्या छोट्या नळ्यांतून. ‘फिकट आहे, चालेल’ असं शेजारचा मित्र म्हणेल. चालत नाही.

ईएसबीएल पॉझिटिव्ह आलेल्यांत सीटीएक्स-एम या ईएसबीएल गटाचं जनुक शोध, आणि त्यातले पाच-सहा नमुने दोन्ही बाजूंनी सिक्वेन्स करून घे. प्रायमर बेसप्रमाणे आकारले जातात, एका जोडीला काही शे रुपये पडतात. सिक्वेन्सिंगचंही नमुन्यामागे तसंच. इथे एक बारकावा आहे. सीटीएक्स-एम-३ आणि सीटीएक्स-एम-१५ यांत एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, २४० व्या जागी अस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन. तेवढ्यानं एन्झाइम सेफ्टाझिडिमही जास्त चांगलं तोडायला लागतं. जनुक ८७६ बेसचं आहे. तुझे प्रायमर मधलाच तुकडा वाढवणारे असतील आणि ती जागा त्यात येत नसेल, तर ‘सीटीएक्स-एम-१५ आढळले’ हे वाक्य लिहिण्याचा तुला हक्क नाही, फक्त गट सांगता येईल. प्रायमर मागवण्याआधीच जनुकाच्या सिक्वेन्सवर त्यांची जागा खुणावून बघ. मग २४० ची जागा आणि सेफ्टाझिडिमचा झोन शेजारी शेजारी मांडलास की बी.एस्सी.च्या डिस्क आणि एम.एस्सी.चं जनुक एकाच ओळीत येतात. आणि डिस्क निगेटिव्ह पण जनुक पॉझिटिव्ह असा एखादा आयसोलेट मिळाला तर लपवू नकोस. त्याच्यात एएमपी-सी किंवा एनडीएमसारखं दुसरं एन्झाइमही असेल तर ते क्लॅव्ह्युलॅनेटचा परिणाम झाकतं. असा एक विसंगत नमुना नीट समजावलेला असला, तर तोंडी परीक्षेत दहा मिनिटं तुझी.

विषाणूचीच ओढ असेल तर एक विषाणू तुझ्या अगदी दाराशी आहे. १९६५ साली नागपूर जिल्ह्यात आलेल्या तापाच्या साथीत दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला, आणि चांदीपुरा हे इथल्या गावाचं नाव त्याला मिळालं. वाळूमाशीतून पसरणारा, सुमारे ११ हजार बेसचा एकपदरी आरएनए आणि फक्त पाच जनुकं: एन, पी, एम, जी, एल. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्यानं मुलांचे जीव घेतले. प्रयोगशाळेत तो हाताळायचा विचारही नको. पण जेनबँक या खुल्या संग्रहातून यातल्या जी जनुकाच्या प्रोटीनच्या सिक्वेन्स घेऊन कुठली अमिनो आम्लं वेगवेगळ्या वर्षी बदलली, ती प्रोटीनच्या पृष्ठभागावर आहेत की आत, हे प्रबंधातलं एक प्रकरण होऊ शकतं. वंशवृक्ष काढताना जवळचा नातेवाईक विषाणू बाहेरचा संदर्भ म्हणून घ्यायचा, बूटस्ट्रॅप (फांदी किती भक्कम आहे याची चाचणी) १,००० वेळा, आणि ७० च्या खालच्या फांद्यांवर गोष्टी रचायच्या नाहीत.

नागपुरात काही होत नाही, हे तू कुणाकडून ऐकलंस? मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, पर्यावरण संशोधन करणारी नीरी आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय असताना पीसीआर हे इथे नवल नाही. तासाभरावर सेवाग्रामला हत्तीरोगावर काम करणारं उष्णकटिबंधीय रोगांचं संशोधन केंद्र आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची (माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहणाऱ्या) पायाभरणी नागपुरातच झाली. मोठी मशीन बघायची असेल तर तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, दोन महिने, विद्यावेतनासह. अर्ज साधारण आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत असतात. तुला उशीर झाला असेल, पण ज्युनिअर मुलींना आत्ताच सांगून ठेव.

राहिलं पेपरचं आणि मराठी माध्यमाचं. तुझ्या पत्रात कॉलराच्या टॉक्सिनचं जे वर्णन आहे, त्यात सायक्लिक एएमपीपर्यंत (पेशीतल्या निरोप्या रेणूपर्यंत) सगळी नावं बरोबर आहेत. म्हणजे पाठांतर कमी पडलेलं नाही. कमी पडतं ते ‘कशावरून?’ हे. शंभुनाथ डे या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये कोलकात्यात सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात कॉलराच्या कल्चरमधले जंतू गाळून टाकून उरलेलं द्रव टोचलं, आणि आतड्यात पाणी जमलं. जंतू नसताना जमलं, म्हणजे रोग करणारी वस्तू जंतूनं बाहेर सोडलेली आहे. हे एक वाक्य लिहिलंस की पुढचं सगळं आपोआप रांगेत येतं: टॉक्सिनच्या बी भागाचे पाच तुकडे पेशीवरच्या जीएम-१ या रेणूला धरतात, ए भाग आत जाऊन पेशीचं निरोप पोचवणारं जी-प्रोटीन चालूच ठेवतो, सायक्लिक एएमपी वाढतं, क्लोराइड बाहेर, त्यामागे पाणी. प्रत्येक विषयाला अर्धं पान कर. डावीकडे घटना, मध्ये रेणू, उजवीकडे पुरावा. उजवा रकाना रिकामा राहिला तर पाठ्यपुस्तकात नाही, मूळ प्रयोगात शोध. आधी मराठीत लिही, वाक्य पूर्ण कर, मग इंग्रजीत आण; इंग्रजीतून सुरुवात केलीस तर पुस्तकातलीच वाक्यं उतरतील आणि क्रम तुला कळला नाही हे तुलाही कळणार नाही. सीएसआयआर-नेट या पात्रता परीक्षेच्या लाइफ सायन्सेसमध्ये चौथ्या घटकाची सुरुवातच यजमान आणि परजीवी यांच्या नात्यानं होते, आणि २०० पैकी १०० गुणांचा ‘सी’ भाग प्रयोग देऊन निष्कर्ष विचारतो. उजवा रकाना तिथेही उपयोगी पडेल.

बाबा चुकीचं बोलत नाहीत. लॅबमध्ये रोजचं काम मिळवायला डीएमएलटीची किंमत आहे, आणि एम.एस्सी.नंतरही ते करता येतं. फक्त कॉलेजला राज्याच्या परावैद्यक (पॅरामेडिकल) परिषदेची मान्यता आहे का, एवढं बाबांनीच जाऊन विचारावं. पण एम.एस्सी. अर्धवट सोडून नको. बुटीबोरी-मिहानच्या औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात किंवा रुग्णालयाच्या मॉलिक्युलर लॅबमध्ये मुलाखतीला ‘निगेटिव्ह कंट्रोलला पट्टा आला तर काय कराल?’ असं विचारतात. त्याचं उत्तर तुला याच प्रोजेक्टमध्ये मिळणार आहे.

या आठवड्यात गाइड मॅडमना एवढंच विचार: आयसोलेट्स कुठल्या रुग्णालयाचे, आणि एथिक्स कमिटीची परवानगी घेतली आहे का? उरलेले, नाव-गाव काढून टाकलेले नमुने असले तरी अर्ज लागतो. संमतीपत्रातून सूट कमिटी देते, आपण ठरवायची नसते. कमिटीची बैठक रोज नसते, महिना-दोन महिने सहज जातात, आणि परवानगी मिळण्याआधी काम सुरू करता येत नाही. अर्जात आयसोलेट्सची संख्या, रुग्णाची कोणती माहिती घेणार (वय, लिंग, वॉर्ड एवढीच पुरे) आणि काम संपल्यावर जंतू ऑटोक्लेव्ह करून कसे नष्ट करणार, हे लिहावं लागेल. मसुदा तूच करून मॅडमसमोर ठेव.